द्राक्षबागेतच राहणाऱ्या लहान मुलांवर फवारणीचा काय परिणाम होतो आणि कोणत्या तपासण्या कराव्यात?

प्रश्न : वस्तीवरची आई, पंढरपूर तालुका

नमस्कार. कासेगावच्या शिवारात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि आम्ही बागेतच, वस्तीवर राहतो. घराच्या मागच्या भिंतीपासून वेलींची पहिली ओळ पंधरा पावलांवर आहे आणि पूर्वेला बांधाला लागून शेजाऱ्यांची बाग आहे. मला पाच वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी आहे. माझ्या धाकट्या जाऊबाईंना चौथा महिना चालू आहे.

ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने आमच्याकडे एक-दोन दिवसांआड ब्लोअर (ट्रॅक्टरला जोडलेले पंख्याचे फवारणी यंत्र) चालतो, आणि आमचा बंद असतो तेव्हा शेजाऱ्यांचा चालू असतो. मुलाला रात्री कोरडा खोकला येतो, कधी छातीत सूं-सूं असा आवाज येतो, आणि फवारणीच्या संध्याकाळी तो डोके दुखते म्हणून लवकर झोपतो. खोकल्यासाठी मी त्याला अंगणातल्या तुळशीचा काढा देत होते. गेल्या आठवड्यात सकाळच्या उन्हात पाने खुडताना माझ्या लक्षात आले की पानापानावर पांढुरके ठिपके आहेत. बोटाने पुसले तर बोटाला पिठासारखे काहीतरी लागले. बागेत पानांवर दिसतात तेच हे ठिपके होते. तुळशीपासून चार हातांवर मुलीचा पाळणा असतो आणि त्याच दोरीवर तिची दुपटी वाळत असतात. त्या दिवसापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही.

माझे पती काळजी घेत नाहीत असे मी म्हणणार नाही, परंतु ते काळजी घेतात ती पिकाची. फवारून घरी आले की मुलगी धावत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारते आणि ते तिला तसेच उचलून घेतात. औषधाचे डबे स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी आहेत. मुलगा टाकीजवळ उभा राहून काठीने औषध ढवळायला मागतो आणि आजोबा कौतुकाने ती काठी त्याच्या हातात देतात.

तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात मुलाला दाखवले, तेव्हा फवारणीचा विषय काढताच “शेतकऱ्याच्या पोराला एवढे चालायचेच” असे सांगून त्यांनी खोकल्याचे सिरप लिहून दिले. मी केरळातील कासरगोडच्या मुलांविषयी वाचले आहे, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले हे तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. रोज थोडे थोडे अंगावर येणारे हे औषध मुलांना नेमके काय करते, त्यासाठी रक्ताची एखादी तपासणी असते का, आणि बाग न सोडता आम्हाला काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, सोलापूर

ताई, तुळशीच्या पानावरचे ठिपके तुम्ही पाहिलेत आणि त्यावरून पाळण्याचा विचार केलात, हे फार महत्त्वाचे निरीक्षण आहे. त्या तुळशीचा काढा आजपासून बंद करावा, एवढे आधी सांगतो आणि मग मूळ प्रश्नाकडे येतो.

एकाच फवाऱ्यात उभे असलेले मोठे माणूस आणि लहान मूल यांच्या शरीरात जाणारी मात्रा सारखी नसते. वजनाच्या मानाने मूल अधिक हवा आत घेते, अधिक पाणी पिते, आणि त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळही वजनाच्या मानाने मोठे असते. ते जमिनीजवळ वावरते, मातीत खेळते आणि हात तोंडात घालते. त्याशिवाय काही ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके निष्प्रभ करणारे पॅरॉक्सोनेज नावाचे जे विकर शरीरात असते, ते नवजात बाळात मोठ्यांपेक्षा बरेच कमी असते आणि पुढील काही वर्षे कमीच राहते. मुलाच्या मेंदूची जडणघडण तर गर्भापासून सुरू असते. तेव्हा “चालायचेच” हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे.

आता कासरगोडविषयी. तेथे काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी होत होती आणि बागांच्या मधोमध, ओढ्यांच्या काठी लोकवस्ती होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील मुलांची तपासणी केली, तेव्हा मुलग्यांमध्ये वयात येण्याची प्रक्रिया लांबल्याचे आढळले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये देशभर एंडोसल्फानवर बंदी आणली. तुमच्या बागेतली औषधे वेगळी आहेत आणि फवारणीची पद्धतही वेगळी आहे, त्यामुळे कासरगोडचे चित्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर आणून घाबरू नका.

तुमच्या परिस्थितीला जवळचा अभ्यास कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्याचा आहे. तेथे बर्कलीच्या विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ पासून शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रियांची नोंद घेतली आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणात ज्या मातांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेटचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी होता. मुलांच्या स्वतःच्या लघवीतील अंशांशी मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणून तुमच्या घरात सर्वांत आधी जपायला हवे ते तुमच्या जाऊबाईंना. त्यांनी विरळणीला (घडातले जादा मणी काढायला), डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) किंवा फवारणीचे कपडे धुवायला अजिबात जाऊ नये. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्यांचे माहेर बागायती पट्ट्याबाहेर असेल, तर यंदा सातव्या महिन्याची वाट न पाहता त्यांना आताच पाठवता आले तर उत्तम.

त्याच खोऱ्यातला दुसरा निष्कर्ष तुमच्या मुलाच्या खोकल्याशी थेट संबंधित आहे. २०१७ मध्ये त्यांनी असे दाखवले की घरापासून एक किलोमीटरच्या आत गंधकाचा वापर जितका जास्त, तितकी मुलांच्या फुफ्फुसांची क्षमता कमी आणि दम्यासारखी लक्षणे जास्त. आपल्याकडे भुरी या बुरशीरोगासाठी गंधक सर्रास वापरले जाते आणि ते निरुपद्रवी मानले जाते, कारण ते सेंद्रिय शेतीतही चालते. पोटात जाऊन विषबाधा करण्याच्या दृष्टीने ते सौम्य आहे हे खरे, परंतु ते श्वसनमार्गाला त्रास देते. तुमच्या मुलाच्या छातीतला सूं-सूं आवाज प्रत्यक्ष ऐकून तपासायला हवा, कारण बालदमा असेल तर सिरपने काहीही होणार नाही आणि श्वासावाटे औषध देणाऱ्या योग्य पंपाने तो नीट आटोक्यात राहतो.

तुमच्याकडे सर्वांत जास्त वापरले जाणारे बुरशीनाशक बहुधा मॅन्कोझेब असावे. शरीरात त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो, तो थायरॉईडच्या कामात अडथळा आणतो. आणि गर्भाच्या मेंदूच्या वाढीसाठी आईचा थायरॉईड नीट असणे अत्यावश्यक असते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी वाढवून देण्यास नकार दिला. आपल्या केंद्र सरकारनेही मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता आणि त्यात मॅन्कोझेब, कॅप्टन, कार्बेन्डाझिम, क्लोरपायरीफॉस ही आपल्या ओळखीची नावे होती, परंतु मॅन्कोझेब आजही दुकानात मिळते. जाऊबाईंची टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी.

रक्ताच्या तपासणीविषयी स्पष्ट लिहितो, कारण या बाबतीत लोकांचे पैसे वाया जातात. कोलिनेस्टरेज नावाची तपासणी असते. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतील कीटकनाशके शरीरात गेल्यावर या विकराचे काम मंदावते, ते ती दाखवते. बुरशीनाशके, गंधक, इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिनच्या कुळातील औषधे यांचा तिला पत्ता लागत नाही. शिवाय निरोगी माणसांमध्येच हे प्रमाण इतके कमी-जास्त असते की एकाच आकड्यावरून, तीव्र विषबाधा सोडल्यास, फारसे काही ठरत नाही. फवारणी नसलेल्या काळातला त्याच मुलाचा आकडा हाताशी असेल तरच तुलनेला अर्थ येतो. तेव्हा तपासणी करायची तर ती एकदा हंगामात आणि एकदा काढणीनंतर, फवारण्या थांबून दोन-तीन महिने झाल्यावर, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे एक वही घाला. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या औषधाची फवारणी झाली, वारा कोणीकडचा होता आणि मुलाला खोकला वा डोकेदुखी कधी झाली, हे दोन आठवडे लिहून माझ्यासारख्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला दाखवलेत, तर त्याला रक्ताच्या अहवालापेक्षा अधिक कळेल. सोबत वजन, उंची, हिमोग्लोबिन पाहून घ्या. मूल मलूल असण्याचे कारण दर वेळी औषधच असते असे नाही, आणि आपण फवारणीकडे बोट दाखवत असताना साधा रक्तक्षय दुर्लक्षित राहू नये.

मेक्सिकोतील याकी खोऱ्यात १९९८ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. भरपूर फवारणी होणाऱ्या खोऱ्यातली आणि फवारणी जवळजवळ नसलेल्या डोंगरपायथ्याची चार-पाच वर्षांची मुले घेतली होती. दोन्हीकडची माणसे एकाच समाजाची, खाणेपिणे सारखे, मुलांची उंची-वजनेही सारखी. त्यांना माणसाचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा पायथ्याच्या मुलांनी डोके, हात, पाय असलेले माणूस काढले आणि खोऱ्यातल्या अनेक मुलांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या आल्या. मुले जेमतेम ५० होती, त्यामुळे या एका अभ्यासावर सारा भार टाकता येत नाही. कृपया घरी मुलाकडून चित्र काढून घेऊन निदान करू नका. हे सांगण्याचे कारण असे की काटा आणि फूटपट्टी यांत न दिसणारे नुकसान असू शकते, आणि म्हणून मूल “धडधाकट दिसते” एवढ्यावर आपण निर्धास्त राहू नये.

शेवटी तीव्र विषबाधेची लक्षणे प्रत्येक घरात ठाऊक असलीच पाहिजेत. तोंडाला फेस किंवा लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणे, उलटी-जुलाब, दरदरून घाम, अंगाचे स्नायू फडफडणे, धाप. आणि लहान मुलांत याऐवजी एकदम गुंगी किंवा झटकेही येऊ शकतात. अशा वेळी मुलाला हवेशीर जागी आणा, सर्व कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग व केस धुवा आणि १०८ ला फोन करा. उलटी काढू नका. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नका. औषधाचा डबा लेबलासकट बरोबर घ्या, कारण ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा की आणखी काही, हे डॉक्टरला त्यावरून ठरवता येते. दिल्लीच्या एम्सचे राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस माहिती देते. हा क्रमांक औषधाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

उत्तर : द्राक्ष बागायतदार, नान्नज

डॉक्टरसाहेबांनी आजाराचे सांगितले, मी बागेचे सांगतो. माझी बाग बावीस वर्षांची आहे आणि माझी दोन्ही मुले याच बागेत वाढली. थोरल्याच्या वेळी आम्हाला काहीच कळत नव्हते, याची खंत मला आजही आहे.

२०१० साली सीसीसी (वेलीची वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट) या औषधाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, ते तुमच्या घरच्यांना नक्की आठवत असेल. त्यानंतर आम्ही सर्वजण शिस्त शिकलो. कोणते औषध कधी मारले, काढणीआधी किती दिवस थांबायचे, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत ते आहे की नाही, हे सारे आम्ही वहीत लिहू लागलो. ही सगळी शिस्त परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी होती. द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, पण त्याच फवाऱ्यात अंगणात खेळणाऱ्या आपल्या पोराच्या अंगावर काय पडले याचा नमुना कोणी घेत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षे लागली.

ताई, सर्वांत मोठा फरक कपड्यांनी पडतो. मी विहिरीजवळ पत्र्याची चार बाय चारची मोरी केली आहे. फवारणी संपली की बूट, कपडे तेथेच उतरवायचे, साबणाने डोक्यापासून अंघोळ करायची, घरचे कपडे घालायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. फवारणीच्या कपड्यांची बादली वेगळी, ते धुणे त्याच दिवशी, आणि दोरीही वेगळी. ते पाणी विहिरीच्या बाजूला उतरणार नाही याकडे लक्ष असू द्या. पहिले आठ-दहा दिवस लेक बांधापाशी उभी राहून रडायची, कारण बाप दिसतो पण जवळ येत नाही. नंतर तिलाच सवय झाली आणि ती लांबून “बाबा, अंघोळ झाली का?” असे ओरडून विचारू लागली. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. तो ओला होतो आणि औषध नाकाशीच धरून ठेवतो.

ब्लोअरचे असे करा. घराकडच्या शेवटच्या तीन-चार ओळींत शिरताना घराच्या बाजूचे नोझल बंद ठेवायचे आणि औषध फक्त बागेच्या दिशेने जाऊ द्यायचे. ओळ संपून ट्रॅक्टर वळवताना पंखा आणि नोझल चालू ठेवण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे, आणि तुमच्या तुळशीवरचे ठिपके बहुधा त्या वळणावरचे असतील. थंडीच्या दिवसांत सूर्य मावळला की हवा पडते आणि फवाऱ्याचे धुके वर न जाता जमिनीलगत तरंगत राहते. वारा अजिबात नाही म्हणजे फवारणीला चांगले, असे आपण समजतो, पण वस्तीजवळ ते खरे नाही. घराकडून बागेकडे मंद झुळूक वाहत असेल ती वेळ धरावी, आणि त्या दोन तासांत मुले व धुणे दोन्ही घरात असावे.

डबे मात्र आजच्या आज हलवा. माझ्याकडे घरापासून दूर, जमिनीपासून पाच फूट उंचीवर कुलपाची लोखंडी पेटी आहे आणि तिची किल्ली माझ्याच खिशात असते. लेबलावरचा त्रिकोण आजोबांना दाखवा. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मुलाच्या हातातली काठी काढून घ्या, कारण औषध पाण्यात मिसळण्याआधी ते सर्वांत दाट असते आणि शिंतोडे त्याच वेळी उडतात. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतो त्या दिवशी तर मुलांनी बागेत पाऊलही टाकू नये, आणि ते लावणाऱ्या माणसाने दारूला स्पर्श करू नये. त्या दोन्हींचा संयोग जिवावर बेतू शकतो.

उत्तर : अंगणवाडी सेविका, सांगोला तालुका

आमच्याकडे डाळिंब आहे, त्यामुळे तेल्या रोग आणि फवारणी आम्हाला नवीन नाही. मला दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

आपण सर्वजण फवारणीच्या विषाला “औषध” म्हणतो. आजारी मुलालाही आपण “औषध घे, बरे वाटेल” असेच सांगतो. माझ्या अंगणवाडीतल्या एका चार वर्षांच्या मुलाने भावलीला पाजण्यासाठी घरून रिकामी बाटली आणली होती आणि “हे पप्पांचे औषध” असे तो मला अभिमानाने सांगत होता. बाटलीच्या तळाशी तपकिरी थेंब होता आणि झाकण नव्हते. त्या दिवसापासून मी मुलांसमोर आणि पालकसभेत “विष” हाच शब्द वापरते. सुरुवातीला बायकांना तो ऐकवत नव्हता, आता त्याही वापरतात. रिकाम्या डब्यांत पाणी, तेल, डाळ काहीही भरू नका. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातल्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते आणि २३ मुले गेली, हे मी दर वर्षी पहिल्या सभेत सांगते. डबा तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि मग डब्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही.

दुसरी गोष्ट मजुरांच्या मुलांची आहे. ताई, तुमच्या मुलांना निदान भिंत आणि खिडकी आहे. विरळणीला येणाऱ्या बायका तान्ह्या बाळाची झोळी मांडवाच्या लोखंडी अँगललाच बांधतात, कारण बाळाला ठेवायला दुसरी जागा नसते. आदल्या दिवशी फवारलेल्या पानांखाली ते बाळ दिवसभर झोपते, आणि आई त्याच हातांनी त्याला पाजायला घेते. त्या बाईला कोणते औषध कधी मारले हे कोणी सांगत नाही आणि ती विचारूही शकत नाही, कारण विचारले तर उद्या काम मिळेल की नाही याची तिला खात्री नसते. आपण बागमालक असाल तर झोळीसाठी बागेबाहेर झाडाखाली किंवा शेडमध्ये जागा द्या, हात धुवायला साबण आणि पाणी ठेवा, आणि फवारणीनंतर पाने पूर्ण वाळून लेबलावर सांगितलेला अवधी जाईपर्यंत बायकांना आत पाठवू नका. यासाठी फार खर्च येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही करून झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

मुलाला सोलापूरला बालरोगतज्ज्ञांना दाखवले. डॉक्टरांनी छाती तपासून बालदमा असल्याचे सांगितले आणि पंप कसा द्यायचा हे मला स्वतः करून दाखवले. आता तो रात्री झोपतो. त्याचे हिमोग्लोबिन ९.४ आले, म्हणून लोहाचे औषधही सुरू आहे. हे मला वहीशिवाय आणि आपल्या सूचनेशिवाय सुचले नसते. कोलिनेस्टरेजचा आकडा प्रयोगशाळेच्या मर्यादेत आहे, परंतु काढणीनंतर पुन्हा तपासून तुलना करू, असे डॉक्टर म्हणाले. वहीत असे दिसले की चौदा दिवसांत पाच वेळा खोकला वाढला आणि त्यांपैकी चार वेळा आदल्या संध्याकाळी गंधकाची फवारणी होती, त्यातल्या तीन फवारण्या शेजाऱ्यांच्या होत्या.

जाऊबाई मंगळवेढ्याला माहेरी गेल्या आहेत. तेथे काळ्या रानात ज्वारी असते आणि फवारणी क्वचित होते. सासूबाईंना हे आधी पटत नव्हते, लोक काय म्हणतील असे त्यांना वाटत होते, परंतु मी डॉक्टरांचे उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्यांनीच शिदोरी बांधून दिली. डबे पंपघराजवळच्या पेटीत गेले. मोरी अजून झालेली नाही, सध्या हौदाच्या आडोशाला ताडपत्री लावली आहे आणि पती तेथे अंघोळ करूनच आत येतात. पहिल्या दिवशी त्यांना हे अवघड वाटले, दुसऱ्या दिवशी मुलगी हात पसरून रडत राहिली आणि ते ओल्या अंगाने टॉवेल गुंडाळून धावत आले. आता जमते आहे. विरळणीच्या बायकांसाठी पश्चिमेकडच्या लिंबाखाली जागा साफ केली आहे. काल तेथे दोन झोळ्या होत्या.

शेजाऱ्यांशी पती बोलले. फवारणीआधी फोन करू असे ते म्हणाले, आणि तीनपैकी दोन वेळा त्यांनी केलाही. तिसऱ्या वेळी फोन आला नाही, सात वाजता धुके अंगणात आले आणि मी धुणे व मुले आत घेऊन खिडक्या लावून बसले. त्यांच्याशी भांडण करायचे नाही, कारण पाण्याची पाळी एकत्र आहे. नान्नजच्या दादांना एवढेच विचारायचे आहे की पूर्वेच्या बांधावर शेडनेट उभी केली तर काही उपयोग होईल का, आणि ती किती उंच असावी?

उत्तर : द्राक्ष बागायतदार, नान्नज

उपयोग होईल, पण पूर्ण थांबणार नाही. मांडवापेक्षा निदान तीन-चार फूट उंच घ्या, घट्ट विणीची घ्या आणि अंगणाच्या दोन्ही टोकांना दहा-दहा फूट पुढे न्या, नाहीतर धुके कडेने वळून आत येते. जाळी फाटेपर्यंत तिच्या आतल्या बाजूने शेवरीची दाट ओळ वाढवून ठेवा. आणि शेजाऱ्यांना एकदा चहाला बोलावून ती वही दाखवा. माझ्या शेजाऱ्यांना मी तोंडी दोन वर्षे सांगत होतो. तारखा आणि मुलाचा खोकला एकाच पानावर लिहिलेला पाहिल्यावर त्यांनी फवारणीची वेळ बदलली.